हॉकीतील सामन्यांचे भरगच्च वेळापत्रक

थोड्या दिवसांत अनेक सामने आणि त्यांच्यामध्ये विश्रांतीला अपुरा अवकाश, अशा कार्यक्रमपत्रिकेला क्रीडाक्षेत्रात भरगच्च वेळापत्रक म्हणतात. हॉकीत ऑलिंपिक, विश्वचषक, आशिया चषक, प्रो लीग आणि देशोदेशींच्या व्यावसायिक लीग अशा अनेक स्पर्धा एकाच वर्षात येतात. प्रक्षेपणाच्या सोयीसाठी आणि मैदानांच्या उपलब्धतेमुळे त्या आटोपशीर दिवसांत बसवल्या जातात. अशा वेळापत्रकामुळे संघ थकतो, हे सर्वांनाच पटते. मात्र थकलेला संघ हरतोच असे नाही. थकवा गुणफलकावर उमटण्याआधी बहुधा दुखापतींच्या यादीत उमटतो, हे या विषयाच्या अभ्यासातून पुढे आलेले महत्त्वाचे निरीक्षण होय.

शरीरावर होणारा परिणाम

हॉकीचा सामना आज १५ मिनिटांच्या चार सत्रांत, म्हणजे ६० मिनिटांत खेळला जातो. पूर्वी तो ३५ मिनिटांच्या दोन डावांचा असे. वेळ घटली तरी श्रम घटलेले नाहीत. कृत्रिम हिरवळीवर चेंडू वेगाने फिरतो आणि खेळाडू बदलण्यावर मर्यादा नसल्याने मैदानावरील प्रत्येक जण काही मिनिटे पूर्ण ताकदीने धावून बाहेर येतो व दम घेऊन पुन्हा आत जातो. एका सामन्यात खेळाडू आपल्या स्थानानुसार साधारण पाच ते नऊ किलोमीटर अंतर कापतो. या अंतरापेक्षाही त्यातील अचानक धाव, अचानक थांबणे आणि कंबरेत वाकून दिशा बदलणे हे अधिक झिजवणारे असते. पाठ वाकवून खेळावा लागणारा हा खेळ असल्याने कंबर, मांडीमागचे स्नायू आणि जांघ यांवर कायम ताण राहतो. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारणाऱ्या खेळाडूच्या कंबरेवर त्याहून अधिक भार पडतो.

सामन्यात स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या शर्करेचा, मोठा भाग खर्च होतो. योग्य आहार मिळाल्यास तो भरून यायला एक ते दोन दिवस लागतात. स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. म्हणजे सलग दुसऱ्या दिवशी सामना असेल तर पोटभर जेवलेला, पुरेसे पाणी प्यालेला खेळाडूही दुखऱ्या पायांनीच मैदानात उतरतो. रात्री प्रकाशझोतात झालेल्या सामन्यानंतर झोप लवकर येत नाही आणि सकाळी लवकर विमान गाठायचे असेल तर ती पुरीही होत नाही. निर्णयशक्तीवर परिणाम करण्यात अपुऱ्या झोपेचा वाटा मोठा असतो. चेंडू अडवण्यासाठी अर्धे पाऊल उशिरा पडते, काठी प्रतिस्पर्ध्याच्या पायाला लागते आणि पंच कार्ड दाखवतात.

फुटबॉलमधील एक अभ्यास या संदर्भात नेहमी उल्लेखिला जातो. ग्रेगरी ड्यूपाँ आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात एका व्यावसायिक संघातील ३२ खेळाडूंची दोन हंगामांची माहिती तपासली गेली. आठवड्यात एक सामना आणि आठवड्यात दोन सामने या दोन्ही स्थितींत खेळाडूंनी कापलेले अंतर व वेगवान धावा यांत लक्षणीय फरक आढळला नाही. दुखापतींचे प्रमाण मात्र दर हजार तासांमागे ४.१ वरून २५.६ वर गेले. प्रशिक्षकाच्या डोळ्यांना खेळाडू नेहमीसारखाच धावताना दिसतो, म्हणून त्याला पुन्हा उतरवले जाते. बिघाड आत साचत असतो. हॉकीचे फुटबॉलशी पूर्ण साम्य नाही, कारण हॉकीत खेळाडू पुन्हा पुन्हा बदलता येतात. तरीही गोलरक्षक आणि मध्यवर्ती बचावपटू यांना ही सवलत फारशी मिळत नाही.

ऑलिंपिकचे तेरा दिवस

भारतीय वाचकाला परिचित असे उदाहरण ऑलिंपिक हॉकीचे आहे. टोकियो (२०२१) आणि पॅरिस (२०२४) या दोन्ही स्पर्धांत भारतीय पुरुष संघ तेरा दिवसांत आठ सामने खेळला आणि दोन्ही वेळा कांस्यपदक घेऊन परतला.

टोकियोत २४ जुलैला न्यूझीलंडवर ३-२ असा विजय मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियाने भारताला ७-१ असे लोळवले. सलग दोन दिवस खेळण्याचा हा परिणाम, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ऑस्ट्रेलियाही आदल्या दिवशी जपानशी खेळलाच होता. शिवाय त्याच स्पर्धेत २९ जुलैला अर्जेंटिनाला ३-१ असे हरवून भारताने ३० जुलैला जपानवर ५-३ अशी मात केली. एकाच संघाच्या वाट्याला एकाच आठवड्यात लागोपाठच्या दिवसांची दोन जोडसामने आले आणि त्यांचे निकाल परस्परविरुद्ध लागले. एका निकालावरून वेळापत्रकाला दोषी किंवा निर्दोष ठरवणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळते.

उपांत्य सामना मात्र अधिक बोलका आहे. ३ ऑगस्टला बेल्जियमविरुद्ध तिसऱ्या सत्राअखेर २-२ अशी बरोबरी होती. अखेरच्या सत्रात बेल्जियमने तीन गोल केले व सामना ५-२ असा जिंकला. ताज्या पायांची गरज शेवटच्या पंधरा मिनिटांत सर्वाधिक असते, आणि ज्या संघाकडे राखीव खेळाडूही पहिल्या फळीच्या तोडीचे असतात तो संघ त्या वेळी पुढे सरकतो. अर्थात, दोनच दिवसांनी त्याच भारतीय संघाने जर्मनीविरुद्ध १-३ अशी पिछाडी भरून काढून ५-४ असा विजय मिळवला आणि ४१ वर्षांनंतर ऑलिंपिक पदक पटकावले. पदकाची आस शरीराकडून काय करून घेते, याचे माप कोणत्याही यंत्राने काढता येत नाही.

पॅरिसमधील घटनाक्रमातून आणखी एक बाब स्पष्ट होते. तेथे १ ऑगस्टला बेल्जियमकडून १-२ असा पराभव पत्करल्यावर दुसऱ्याच दिवशी भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले. ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावरचा हा १९७२ नंतरचा पहिला विजय होता. पुढे ४ ऑगस्टला ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उरलेली सुमारे ४३ मिनिटे भारत दहा खेळाडूंनी खेळला, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआउटमध्ये ४-२ असा जिंकला. दोन दिवसांनी जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ५४व्या मिनिटाला निर्णायक गोल स्वीकारून भारत २-३ असा हरला. दोन्ही संघांना विश्रांतीचे दिवस सारखेच मिळाले होते. परंतु एका संघाने आधीचा सामना अकरा जणांनी पूर्ण केला होता, तर दुसऱ्याने दहा जणांनी अकरांचे काम केले होते आणि निलंबनामुळे तो आपल्या एका प्रमुख बचावपटूलाही मुकला होता. म्हणून केवळ दिवस मोजून भार कळत नाही. त्या दिवसांआधी काय खर्ची पडले, तेही पाहावे लागते.

प्रो लीग आणि आशिया चषक, २०२५

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची प्रो लीग २०१९ साली सुरू झाली. प्रवास वाचावा म्हणून आता अनेक संघांना एका ठिकाणी आणून लागोपाठ सामने खेळवले जातात. जून २०२५ मध्ये भारतीय पुरुष संघ ॲमस्टलव्हेन आणि अँटवर्प येथे १६ दिवसांत आठ सामने खेळला. नेदरलँड्स, अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्धचे सहाही सामने त्याने प्रत्येकी एका गोलाने गमावले. त्यानंतर बेल्जियमने ६-३ असे हरवले आणि सलग सातवा पराभव नोंदला गेला. अखेरच्या सामन्यात बेल्जियमवर ४-३ असा विजय मिळाला.

सहा पराभव एकेका गोलाने होणे म्हणजे संघ कोलमडला नव्हता, पण काठावर राहत होता. भरगच्च वेळापत्रकात असेच घडते. खेळाचा दर्जा एकदम खाली येत नाही. शेवटचा पास, शेवटचा अडथळा, शेवटच्या मिनिटांतील एकाग्रता यांत थोडे थोडे उणे पडते, आणि तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यापुढे तेवढे पुरेसे ठरते. याउलट त्याच वर्षी २९ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर या दहा दिवसांत राजगीर येथील आशिया चषकात भारत सात सामने खेळला, एकही हरला नाही, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ४-१ असे नमवून विजेता ठरला. दिवसांच्या हिशेबाने हे वेळापत्रक जूनपेक्षाही दाट होते. तेथे कझाकस्तानविरुद्धच्या १५-० सारख्या सामन्यात प्रमुख खेळाडूंना उसंत देता आली. प्रो लीगमध्ये असा एकही सामना नसतो.

व्यावसायिक लीग आणि महाराष्ट्रातील संघ

खडकी आणि मुंबई ही महाराष्ट्रातील हॉकीची जुनी ठाणी. व्यावसायिक हॉकीचा दाट कार्यक्रम महाराष्ट्राने प्रथम मोठ्या प्रमाणावर अनुभवला तो २०१२ साली, वर्ल्ड सिरीज हॉकीच्या निमित्ताने. २९ फेब्रुवारी ते २ एप्रिल या काळात आठ संघांचे ५९ सामने झाले. पुणे स्ट्रायकर्स आणि मुंबई मरीन्स हे दोन संघ महाराष्ट्राचे होते. प्रत्येक संघाला साखळीतच १४ सामने खेळायचे होते, म्हणजे सरासरी सव्वादोन दिवसांमागे एक. स्पर्धा घरच्या आणि परक्या मैदानांवर असल्याने जालंधर, चंदीगडपासून बंगळुरू, चेन्नईपर्यंतचा प्रवासही त्यातच उरकावा लागे. पुणे स्ट्रायकर्स अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर शेर-ए-पंजाबने त्यांना ५-२ असे हरवले. या स्पर्धेला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती आणि तिचा दुसरा हंगाम झाला नाही.

पुढच्याच वर्षी हॉकी इंडिया लीग सुरू झाली. १४ जानेवारी ते १० फेब्रुवारी २०१३ या चार आठवड्यांत पाच संघांचे ३४ सामने झाले. मुंबई मॅजिशियन्स १२ साखळी सामने खेळून शेवटच्या स्थानी राहिले. येथेही एकट्या वेळापत्रकावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. भारत-पाकिस्तान तणावामुळे लीगमधील नऊ पाकिस्तानी खेळाडू ऐन सुरुवातीला मायदेशी परतले, आणि त्यांतील सर्वाधिक मुंबईच्या संघात होते. दाट कार्यक्रमात राखीव खेळाडूंची फळी हीच संघाची ठेव असते. मुंबईची ठेव पहिल्याच आठवड्यात गेली. पुढे मुंबईचा संघ दबंग मुंबई या नावाने उतरला आणि २०१७ साली उपविजेता ठरला. त्यानंतर लीग खंडित झाली. डिसेंबर २०२४ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता, ही खेदाची बाब म्हटली पाहिजे.

बर्फावरील हॉकी

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघ सुमारे सहा महिन्यांत ऐंशीहून अधिक साखळी सामने खेळतो. लागोपाठच्या दोन रात्री दोन शहरांत सामने हा तेथील नित्याचा प्रकार आहे. अशा वेळी दुसऱ्या रात्री बहुधा राखीव गोलरक्षकाला उतरवले जाते. २०१२-१३ मध्ये मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे हंगाम उशिरा सुरू झाला व ४८ सामने १९ जानेवारी ते २८ एप्रिल या शंभर दिवसांत बसवावे लागले. त्या घाईच्या हंगामात शिकागो ब्लॅकहॉक्सने पहिल्या २४ सामन्यांत नियमित वेळेत एकही पराभव स्वीकारला नाही आणि अखेर स्टॅनले चषकही जिंकला. दाट वेळापत्रक सर्वांना सारखेच छळते. ज्याच्याकडे माणसे अधिक, त्याला ते कमी छळते.

सापेक्ष विश्रांती: रणजी अंतिम सामना, २०२४

आपल्या संघाला किती विश्रांती मिळाली यापेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत किती मिळाली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. याला सापेक्ष विश्रांती म्हणता येईल. याचे उत्तम उदाहरण हॉकीत नव्हे, तर क्रिकेटमध्ये सापडते, आणि तेही महाराष्ट्रातील दोन संघांमध्ये.

२०२३-२४ चा रणजी हंगाम ५ जानेवारीला सुरू झाला आणि १४ मार्चला संपला. अंतिम फेरी गाठणाऱ्या मुंबई आणि विदर्भ या दोन्ही संघांच्या वाट्याला ७० दिवसांत दहा सामने आले. साखळीतील प्रत्येक सामना चार दिवसांचा आणि दोन सामन्यांमध्ये तीन दिवसांचे अंतर; त्यातच प्रवास आणि सराव. उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध शतक झळकावल्यानंतर शार्दूल ठाकूर यांनी या वेळापत्रकावर उघड टीका केली आणि आणखी दोन हंगाम असेच चालले तर देशभर खेळाडू जायबंदी होतील, असा इशारा दिला. पालघरहून लोकलने मुंबईला येऊन क्रिकेट शिकलेल्या या गोलंदाजाला कष्टांची तक्रार करण्याची सवय नाही, म्हणून या बोलण्याला वजन आले.

तो सामना मुंबईने तिसऱ्याच दिवशी, ४ मार्चला, डावाने जिंकला. विदर्भाला मात्र नागपुरात मध्य प्रदेशाविरुद्ध पाचव्या दिवसापर्यंत, ६ मार्चपर्यंत, झुंजावे लागले. १० मार्चला वानखेडे स्टेडियमवर अंतिम सामना सुरू झाला तेव्हा मुंबईचा संघ पाच दिवस विसावलेला होता आणि घरीच होता. विदर्भाला तीन दिवस मिळाले होते व त्यांत नागपूर-मुंबई प्रवास होता. पहिल्या डावात मुंबईला २२४ धावांत रोखल्यावर विदर्भ १०५ धावांत गारद झाला. येथपर्यंत थकव्याची उपपत्ती तंतोतंत जुळते. पण ५३८ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य समोर असताना हाच संघ चौथ्या डावात पाचव्या दिवसापर्यंत लढला. अक्षय वाडकरने शतक काढले, ३६८ धावा झाल्या आणि मुंबई १६९ धावांनी जिंकली. अधिक थकलेला संघ सर्वांत चिवट खेळला तो सर्वांत शेवटी.

पुढील हंगामात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने रणजी स्पर्धा दोन टप्प्यांत विभागली आणि मधल्या काळात मर्यादित षटकांच्या स्पर्धा घेतल्या. विदर्भाने १८ जानेवारी २०२५ रोजी विजय हजारे चषकाचा अंतिम सामना वडोदऱ्यात गमावला, २३ तारखेपासून पुन्हा रणजी खेळायला सुरुवात केली, उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवले आणि अखेर रणजी करंडक जिंकला. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळींचा विक्रम केला. तो फिरकी गोलंदाज आहे, हेही येथे लक्षात ठेवायला हवे. वेगवान गोलंदाजाच्या शरीराला असा भार सोसला असता की नाही, याची शंका आहे.

विश्रांती कोणी ठरवायची

वेळापत्रकाच्या चर्चेत विश्रांती हा शब्द नेहमीच निर्मळ हेतूने वापरला जातो असे नाही. खडकीत जन्मलेले धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉक येथे ३२ वर्षांनंतर आशियाई सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर त्यांना आणि आणखी काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. मानसिक थकवा घालवण्यासाठी विश्रांती, असे अधिकृत कारण देण्यात आले. सामन्याचे मानधन आणि सोयीसुविधा यांबद्दल खेळाडूंनी आवाज उठवल्याची ही शिक्षा आहे, असा समज तेव्हा सर्वत्र होता. ज्या खेळात खेळाडूची खरी दमछाक कोणी मोजत नव्हते, त्याच खेळात थकव्याचे निमित्त मात्र तत्काळ सापडले.

आज भार मोजण्याची साधने आहेत. खेळाडूंच्या पाठीवर बसवलेल्या उपग्रहाधारित यंत्रांनी अंतर आणि वेग नोंदला जातो, सकाळी नाडीचे ठोके व झोपेचे तास विचारले जातात, आणि त्यावरून कोणाला किती मिनिटे खेळवायचे ते ठरते. तरीही अंतिम निर्णय माणसांचाच असतो. निवड गमावण्याच्या भीतीने खेळाडू दुखणे लपवतो, आणि सामना गमावण्याच्या भीतीने प्रशिक्षक ते न पाहिल्यासारखे करतो.

शालेय आणि ग्रामीण स्पर्धा

भरगच्च वेळापत्रक हा केवळ व्यावसायिक खेळाडूंचा प्रश्न समजला जातो. वस्तुतः त्याचे सर्वांत तीव्र रूप शालेय स्पर्धांत आढळते. बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या गावातील शाळेचा कबड्डी, खो-खो किंवा हॉकीचा संघ आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग विभागाला जातो. प्रत्येक टप्पा एक-दोन दिवसांत उरकायचा असल्याने पहाटे गाडीने निघालेली मुले सायंकाळपर्यंत दोन-तीन सामने खेळतात व रात्री परततात. जत्रेच्या निमित्ताने भरणाऱ्या कबड्डी स्पर्धांत तर पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत सारे काही एका रात्रीत होऊ शकते. दिवसांच्या अंतराचा प्रश्नच नसतो. अंतर तासांचे असते.

व्यावसायिक संघाकडे राखीव खेळाडू, आहारतज्ज्ञ आणि मालिशवाला असतो. येथे डबा घरचा आणि राखीव खेळाडू असलाच तर एखादा. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे कारखान्यांकडे स्थलांतर करतात. हंगामी वसतिगृहांची सोय असली तरी अनेक मुले आईवडिलांबरोबर जातात आणि संघाची यादी आणखी आखूड होते. उरलेल्या मुलांना मग प्रत्येक सामना पूर्ण वेळ खेळावा लागतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग नाजूक असतो आणि गुडघ्याखाली किंवा टाचेत होणारे दुखणे हे बहुधा अतिश्रमाचे लक्षण असते. ते सामन्याच्या दिवशी सांगितले जात नाही. एका दिवसात एका संघाचे किती सामने घ्यावेत आणि दोन सामन्यांमध्ये किमान किती तासांची विश्रांती द्यावी, हे ठरवण्याला फारसा खर्च येत नाही. मैदान एक दिवस अधिक आणि मुक्कामाची एक रात्र अधिक, एवढाच तो खर्च.